चित्रातली बाई

पुण्याच्या चित्रसंग्रहालयात गाईड म्हणून आज माझी परीक्षा होती. आलेल्या गटाला बोलतं केलंस तरच नोकरी पक्की, असं सरांनी बजावलं होतं. गट नेमका आमच्या वरवे गावच्या बायकांचा, आणि त्यात सासूबाई, खांद्यावर माझी आठ महिन्यांची झोपलेली लेक घेऊन. "चित्रं दावायचा पगार देत्यात व्हय? आन् पोर कुनी बघायचं?" असं त्या कालच म्हणाल्या होत्या.

पहिल्याच चित्रात टोपली घेऊन कामाला निघालेली बाई मागे वळून बघत होती. दारात म्हातारी, तिच्या कडेवर मूल.

"काय दिसतंय तुम्हाला?" मी विचारलं. कुणी बोलेना. थोरल्या बाईच्या आधी तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सगळ्या सासूबाईंकडे बघत होत्या, सर घड्याळाकडे, आणि सासूबाई माझ्याकडे.

मी पुन्हा विचारलं.

सासूबाईंनी लेकीला खांद्यावर नीट घेतलं आणि शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला.

 

"मॅडम, त्या बाईला सांगा, मागं बघू नको म्हनावं. पोर आजीपाशी हाय."