काठोकाठ पेला

पाणी वाचवायला शिकवायचं म्हणून सरांनी पावणे गावच्या शाळेत भाड्याचा व्हिडिओ आणला आणि खिडक्यांना चादरी लावून वर्ग अंधारा केला. सोबत खेळही होता: प्रत्येक गटाला काठोकाठ भरलेला पेला, तास संपेपर्यंत खाली ठेवायचा नाही, थेंबही सांडायचा नाही. सुनयनाच्या गटाचा पेला तिच्याच हातात होता. पडद्यावर एक म्हातारी रिकामी कळशी घेऊन तापलेल्या वाळूतून चालत अगदी जवळ आली आणि सरांनी कॅसेट थांबवली. थांबलेल्या चित्रात तिचे सुकलेले ओठ थरथरत राहिले. घरी लांबून कुणी आलं, की आई आधी पाणी द्यायची, मग विचारपूस. सुनयनानं उठून पेला टीव्हीपुढे ठेवला. “घ्या आजी.” “ए येडे, हरलो ना आपण!” गटातला रोहन ओरडला. सरांनी बटण दाबून कॅसेट पुन्हा सुरू केली. म्हातारीनं कळशी खाली ठेवली आणि पदरानं ओले ओठ पुसले.