लिथियमचा मणी

कोमल न्हाणीत गेली तशी उत्तमरावांनी तिच्या बॅगेतली बाटली ओसरीवर आणली. शेजारचे शेषराव बसले होते. पोरगी पुण्याच्या प्रयोगशाळेत काय करते, ते त्यांना एकदा दाखवायचंच होतं.

बाटली इवलीशी, काठोकाठ तेलानं भरलेली. आत हरभऱ्याएवढा चांदीसारखा मणी.

"लिथियम म्हणतेत याला," उत्तमराव म्हणाले. "मोबाइलच्या बॅटरीत असतंय. आमच्या कोमलनं काढलं, मिठातून."

"मिठातून?" शेषराव हसले. "बघू द्या बरं नीट."

उत्तमरावांनी बूच काढून मणी तळहातावर घेतला. इतका हलका, की हातात काही आहे असं वाटेना. धोतराच्या सोग्यानं तेल पुसून त्यांनी तो शेषरावांपुढं धरला, आणि बघता बघता त्याची चमक गेली. राखाडी पडला, मग काळपट. उत्तमराव गडबडले. मळलेलं धुतलं की निघतं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी मणी तांब्यातल्या पाण्यात टाकला.

तो बुडालाच नाही. पाण्यावर फसफसत काठाकाठानं फिरू लागला. हरभऱ्याचा मुगाएवढा झाला, मुगाचा मोहरीएवढा. मग काहीच उरलं नाही.

शेषराव पायात चपला सरकवत उठले. "येतो मी," म्हणाले आणि निघून गेले.

कोमल केस पुसत बाहेर आली. उघडी बाटली, तांब्या, बापाचा चेहरा. तिला काही विचारावं लागलं नाही.

"हात इकडं आणा, बाबा."

बोटांची आग होते आहे, हे उत्तमरावांना तेव्हा कळलं. तिनं बादलीतलं पाणी ओतून ओतून त्यांचे हात धुतले.

"दुसरा काढता येईल ना, माय? मशीन तर हायेच तुमच्याकडं."

"भट्टी बंद केली. आमचं कामच थांबवलं वरून." ती पाणी ओतत राहिली. "दोन वर्षांत तेवढा एकच मणी साफ निघाला होता. निघताना सरांनी मला ठेवायला दिला."

"म्हंजे तू सुटीवर आली न्हाईस?"

"न्हाई."

द्वारकाबाई दारात येऊन उभ्या होत्या. "काल सांगितलं होतं तिनं, पाण्यापासून जपा म्हणून," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमी ऐकलंच कवा?"

खरं होतं. काल ती सांगत होती तेव्हा उत्तमराव वसमतच्या बाजारातला हळदीचा भाव विचारत फोनवर होते. आणि कालचंच काय. दोन वर्षं ती फोन करत आली. आज मीठ वितळलं, आज त्यातून वीज सोडली, आज चांदीसारखं काहीतरी वर तरंगून आलं. दर वेळी त्यांनी "बरं बरं, आईशी बोल" म्हणून फोन द्वारकाबाईंकडं दिला. खायचं नव्हे, लिथियमचं वेगळं मीठ असतं आणि त्यातून धातू निघतो, हेसुद्धा त्यांना बायकोच्या तोंडून कळलेलं.

कोमल ओसरीच्या कडेला बसली होती. उत्तमराव जरा अंतर ठेवून तिच्याशेजारी टेकले. खिशात फोन वाजला. त्यांनी तो न बघताच बंद केला.

"मला सांग," ते म्हणाले. "पयल्यापासून. मीठ घेतलं, मग?"

तिनं ओढणीनं नाक पुसलं.

"आधी मीठ पार कोरडं करावं लागतं, बाबा," ती म्हणाली. "त्यात जराशी जरी ओल राहिली, तरी सगळं बिघडतं."