देवशीभाईंची नळी

देवशीभाई अहमदाबादच्या आमच्या प्रयोगशाळेत चाचणीसाठी सूज उतरवणारी गोळी घेऊन, नळीभर रक्त देऊन घरी गेले. रक्त आम्ही गोठवलं. गोठलेल्या रक्तात औषध होतं तेवढंच राहतं.

सोमवारी यंत्राने औषध कमी दाखवलं. मंगळवारी आणखी कमी.

“नळी फ्रीझरबाहेर राहिली असेल,” मी म्हटलं.

“शेजारच्या नळ्या ठणठणीत आहेत की!” माझी सहकारी जागृतीबेन पडद्यावरून नजर काढेना. “हे खराब होणं नाही. जिवंत अंगात उतरतं, तसं उतरतंय.”

“मग आत देवशीकाकांचं लिव्हर पण ठेवलंय वाटतं!” मी हसलो.

बुधवारी सकाळी औषध एकदम वाढलं. जागृतीबेनने देवशीभाईंना फोन लावला.

“गुडघा ठणकत होता, बेन, म्हणून आत्ताच तुम्ही दिलेली गोळी घेतली. पण तुम्हाला कोणी सांगितलं?”

त्यानंतर माझं हसू गेलं. खाखऱ्याचा डबा तसाच राहिला. आम्ही मोजत बसलो. औषध हळूहळू उतरत होतं. दुपारी ते उतरायचं थांबलं. पुन्हा मोजलं, तेवढंच. पुन्हा मोजलं, तेवढंच.

“अंग चालू असेल तरच उतरतं,” जागृतीबेन पुटपुटली आणि तिने घाईघाईने फोन लावला.

रिंग आमच्या दाराबाहेरच वाजली.

देवशीभाई हसतच आत आले. “बेन, गुडघा एकदम बरा झाला. आता कुठेच काही दुखत नाही.”

त्यांनी बाही वर सरकवून हात पुढे केला.

“हवं तर मोजून बघा.”