पाहुण्याचा लोटा

जीप कलाबाईच्या अंगणाशी थांबली, तेव्हा अंकुश मागच्या सीटवर तसाच बसून राहिला.

"उतर ना रे," रुबीना म्हणाली. "का वाघाची भीती वाटून राह्यली?"

तो हसला. खरं तर पुढच्या गावाला जायचं ठरलं होतं. तिकडच्या ओढ्यावरचा रपटा दुरुस्तीला काढलेला निघाला, म्हणून सोबत आलेल्या सरांनी ड्रायव्हरला वाटेतल्या या गावात वळायला लावलं. घरही त्यांनीच निवडलं. दारात सावली होती म्हणून.

अंकुशने कॉलेजात आपलं घर गडचिरोलीला, बसस्टँडच्या मागे असल्याचं सांगितलं होतं.

कलाबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. जीपमधून उतरलेल्या माणसांत तिला अंकुश दिसला आणि तिचा चेहरा उजळला. टोपलं खाली ठेवून ती गोंडीत म्हणाली, आलास का.

"काय म्हणते रे ती?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही, सर." मग तिच्याकडे वळून तो शुद्ध मराठीत म्हणाला, "नमस्कार, बाई. आम्ही एमबीएचे विद्यार्थी. गावात कोणता साबण, कोणतं तेल वापरतात, त्याची माहिती घ्यायला आलो आहोत."

घरी तो तिला याया म्हणायचा. याया म्हणजे आई.

कलाबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या गळ्यातल्या टायकडे पाहिलं. मग सरांकडे वळून म्हणाली, "बसा जी."

तिने लोटाभर पाणी आणून सरांना दिलं. पुन्हा भरून आणून रुबीनाला दिलं. अंकुशला दिलं नाही. तिथल्या घरांत पाणी पाहुण्याच्या हातात देतात. घरचं माणूस आत जातं आणि मडक्यातून आपलं आपण घेतं.

"अन् याले काऊन नाई?" रुबीना हसली. "तू नाई आवडला त्याईले."

"मला तहान नाही," अंकुश म्हणाला. उन्हात तीन तास जीपमध्ये बसून त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती.

सरांना फळीवरच्या वस्तू बघायच्या होत्या. दार बुटकं होतं. सरांचं कपाळ चौकटीवर आदळलं. रुबीनाने त्यांना हसू नये म्हणून ओठ दाबले आणि तीही आपटली. मागून अंकुश आला, न बघता वाकला आणि आत शिरला.

"तुले बरं समजलं रे," कपाळ चोळत रुबीना म्हणाली.

कोपऱ्यात मडकं होतं, त्यावर पाणी काढायचा भोपळ्याचा डोवला. त्याचा हात डोवल्याकडे गेला. कलाबाईचं लक्ष होतं. रुबीनाने वही उघडली तसा त्याने हात खिशात घातला.

"केस कशाने धुता, बाई?" सरांनी विचारलं.

"मातीनं."

"शाम्पूची पुडी माहीत आहे का?"

"हाये ना. पोरगा आणते कधी कधी." बोलून गेल्यावर ती थांबली.

"अरे वा. मुलगा काय करतो?"

"शिकते."

"कुठी?" रुबीनाने विचारलं.

अंकुश फळीवरची काडेपेटी हातात घेऊन तिचं नाव वाचत होता.

"दूर," कलाबाई म्हणाली. "मले नाव नाई सांगता येत शाळेचं."

"छान," सर म्हणाले. "शिकू द्या त्याला. तो शिकला, की घरात सगळं बदलेल बघा."

"हो जी."

"अन् पोराचं नाव काय, बाई?" रुबीनाने विचारलं.

कलाबाईने क्षणभर विचार केला. "झिंगू."

घरात त्याला याच नावाने हाक मारत. शाळेच्या दाखल्यावर अंकुश होतं, ते गुरुजींनी घातलेलं.

"झिंगू!" रुबीनाला हसू आवरेना. तिने अंकुशला कोपर मारलं. "आयकलं का? उद्या हा झिंगू एमबीएले आला, तर सर हजेरी कशी घेतीन?"

सर गालात हसले. दोघांनी अंकुशकडे पाहिलं. अंकुशही हसला. मोठ्याने हसला, त्या दोघांपेक्षा जास्त.

कलाबाईने मान खाली घातली. पुढच्या प्रश्नांना ती हो जी, नाई जी एवढंच म्हणत राहिली.

निघताना सर आणि रुबीना जीपमध्ये बसले. अंकुश मोहफुलं चुकवत अंगणाच्या कडेकडेने चालला होता. मागून पावलं वाजली.

कलाबाई लोटा घेऊन आली होती. काठोकाठ भरलेला, दोन्ही हातांत धरलेला.

"पाणी घ्या, साहेब."

त्याचे हात उठेनात. "याया," तो पुटपुटला, ओठांतल्या ओठांत.

"घ्या जी," ती म्हणाली. "आमच्या इथून पावना तहानलेला जात नाई."

जीपचा हॉर्न वाजला. त्याने लोटा घेतला आणि पाणी पिऊन टाकलं.

तिने रिकामा लोटा त्याच्या हातातून घेतला. परक्या माणसासमोर ओढतात तसा पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला आणि पाहुणे नजरेआड होईपर्यंत दारात उभी राहिली.