पाचवी पाटी

पांढऱ्या शेवंतीची पाचवी पाटी डोक्यावर घेऊन झुंबरबाई यवतच्या शाळेच्या पटांगणात शिरली आणि जागीच थबकली.

मधोमध पांढरी चादर अंथरलेली. तिच्यावर झुंबरबाईची नात करिश्मा उताणी निजलेली, डोळे मिटून. लग्न आठ दिवसांवर. गावातल्या बाया रांगेनं येत होत्या, ओंजळभर शेवंती तिच्या अंगावर वाहून बाजूला होत होत्या. काही शिकवावं लागलंच नव्हतं त्यांना. चुलत सून धुरपदानं तर सवयीनं पोरीच्या पायांवर डोकंही टेकवलं.

इटलीहून आलेली गोरी बाई खुर्चीवर चढून फोटो काढत होती. पुण्याची मॅडम टाळ्या वाजवत होती. आणि पोरीचा बाप, झुंबरबाईचा लेक सर्जेराव, पेपरात फोटो येणार म्हणून इस्त्रीचा सदरा घालून असा उभा, की बाशिंग तेवढं बांधायचं राहिलं होतं.

"या आजी! तुमचीच फुलं ना ही?" मॅडम म्हणाली. "यांच्या देशात ही फुलं थडग्यावर वाहतात, आपल्याकडे लग्नात. म्हणून मुद्दाम नवरी मुलगी घेतली. दोन संस्कृतींची देवाणघेवाण!"

"म्हंजी निजलेल्यावर फुलं कवा वाहत्यात ते तिला म्हाईत हाय," झुंबरबाई म्हणाली, "आन् तुला न्हाई. तू तर हितलीच ना गं?"

"आजी, ही कला आहे."

"आसंल. मग तू नीज. आन् तुझ्या आईला बोलीव फुलं वाहायला."

सर्जेराव पुढं आला.

"आये, पाव्हण्या हायेत. पाच मिन्टाचं काम. तोंड तेवढं झाकायचं ऱ्हायलंय."

"झाक की मग. बाप हायेस, मडकंबी तूच धर."

सर्जेराव दोन पावलं मागं सरला.

झुंबरबाईनं पाटी खाली आदळली, करिश्माला दंडाला धरून उठवलं आणि फुलं गळत असताना तशीच ओढत शाळेच्या हापशावर नेली. "धुरपदा, हापस." बादली भरली. लुगड्याचा पदर खोचून म्हातारीनं ती पोरीच्या डोक्यावर, अंगातल्या कपड्यांसकट, रिकामी केली. रांगेतल्या बाया एकमेकींकडं न बघता आल्या आणि गुमान हातपाय धुऊ लागल्या.

गोरी बाई हरखून धावत आली. मॅडमही मागोमाग. हे घे, ते घे, बोटानं दाखवत होती. कॅमेऱ्याला उसंत नव्हती.

झुंबरबाईनं दुसरी बादली हापशाखाली सरकवली.

"आता कुणाला, आत्याबाई?" धुरपदानं विचारलं.

"ह्या दोघींला. त्याबी मातीलाच आल्या व्हत्या. तशाच पुण्याला धाडायच्या व्हय?"