पहिला थांबत नाही

शिटी वाजली आणि चौघं प्लायवूडच्या दारातून आत घुसले. याही वेळी पहिल्याने दार अर्धंच उघडलं आणि अंग चोरून, तिरका होऊन आत शिरला. मागचे तिघं एकमेकांवर आदळले.

"थांबा!" थोरले ओरडले. ते या गुप्त कमांडो तुकडीचे प्रमुख. पण इथे कुणाचा हुद्दा उच्चारायचा नाही असा दंडक, म्हणून सगळ्यांचे थोरले. "सुतार, इकडे ये. त्या दाराशी काय वैर आहे तुझं?"

सुतार म्हणजे दारं फोडणारा. त्याच्याइतक्या झटक्यात दार फोडून आत शिरणारा सबंध तुकडीत दुसरा नव्हता. घरी मात्र तो दारं बनवायच्या कारखान्यात कामाला आहे, एवढंच ठाऊक. तुकडीतल्या प्रत्येकाने घरी असलीच काहीतरी थाप मारलेली होती.

"दार पूर्ण उघडत नाही, थोरले."

"नकाशात तर उघडतंय."

"नकाशात कपाट नाही दाखवलेलं. दारामागे लोखंडी कपाट आहे. दार त्याला आपटतं."

शेडमधले सगळे त्याच्याकडे वळले. पलीकडच्या रस्त्यावरच्या एका इमारतीचा तिसरा मजला त्यांनी सकाळी सरावासाठी इथे प्लायवूड ठोकून उभा केला होता. खऱ्या मजल्यावर बंदूकवाले कालपासून ऑफिसातली माणसं ओलीस धरून बसले होते. त्यांनी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. मग एकेकाला मारणार होते. आत कुठे काय आहे, हे कुणाच्या बापाला माहीत नव्हतं. सुताराला होतं.

"कोण आहे तुझं आत?" थोरल्यांनी विचारलं.

सुताराने घसा खाकरला. "ताई. तिथेच नोकरीला आहे. दार आपटतं, तू येऊन जरा नीट करून दे, म्हणून मागे लागली होती. मी आपला येतो, येतो."

"आणि हे आत्ता सांगतोस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? नियम माहीत नाही?"

"माहीत आहे. आत आपलं माणूस असेल तर आपण बाहेर. म्हणून तर बोललो नाही." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "पण दार पूर्ण उघडेल या भरवशावर हे तिघं धावले असते, तर दारातच मेले असते हो. मग कसा गप्प बसू?"

तुकडीत मुका म्हणून एक होता. सगळ्यांत बडबड्या, म्हणून मुका. त्याच्याही तोंडून शब्द फुटला नाही.

थोरल्यांनी एक सणसणीत शिवी हासडली. ती सुताराला होती, नियमाला होती की नशिबाला, कळायला मार्ग नव्हता. मग त्यांनी टोपी काढली आणि त्या दारातच, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, 'आई गं' करत आडवे झाले. पन्नाशीचा माणूस, गुडघे धरलेले.

"पहिला थांबत नाही. का थांबत नाही?"

"पहिला थांबला की मागचे दारात अडकतात. मग सगळेच जातात."

"बरोबर. आता समज, मी तुझी ताई. गोळी लागून दारात पडलेय. काय म्हणून हाक मारते ती तुला?"

सुताराने हातातली बंदूक उगाच चाचपली.

"अरे, काय म्हणते?"

"छोटू."

मुक्याला फिस्सकन हसू फुटलं. सुतार दाराच्या चौकटीला डोकं टेकेल एवढा उंच होता.

शिटी वाजली. सुतार आला. "छोटू," जमिनीवरून थोरले म्हणाले. सुताराचं पाऊल नुसतं अडखळलं, पण मागचे त्याच्यावर येऊन धडकले.

"मेलात सगळे. परत."

पुन्हा शिटी. "छोटू, अरे माझ्याकडे बघ ना." त्याने खाली बघितलं.

"मेलात. परत."

आता कुणी हसत नव्हतं. थोरल्यांनी काही बाईचा आवाज काढला नव्हता. त्यांचा नेहमीचा घोगरा, जाडाभरडा आवाज होता तो, पण ऐकवत नव्हता. "लागलंय रे मला, छोटू. पाणी दे. छोटू, जाऊ नकोस ना—"

सुतार ओलांडून गेला. नजर समोर, बंदूक समोर. मागचे तिघं सरसर त्याच्यामागे गेले.

थोरले जरा वेळ तसेच पडून राहिले. मग उठले, पँट झटकली. "चालेल. तूच पहिला. आणि ही गोष्ट या शेडबाहेर गेली, तर एकेकाची कातडी सोलीन."

"देव करो आणि ताई दारापासून लांब बसलेली असो," मुका म्हणाला.

"तिचं टेबल दारापाशीच आहे," सुतार म्हणाला.

एकेक जण सामान उचलून गाडीकडे गेला. सुतार का येत नाही म्हणून थोरल्यांनी मागे वळून पाहिलं. तो दाराच्या आतल्या बाजूला उभा होता. थोरले पडले होते तिथली धूळ पुसली गेली होती. त्याने मोठं पाऊल टाकलं आणि ती रिकामी जागा ओलांडून तो बाहेर आला.

"आता हे काय?"

"काही नाही." तो हातमोजे चढवू लागला. "लहानपणी ताई लोळत वाचत पडलेली असली, की मी मुद्दाम तिला ओलांडायचो. अशी चिडायची! म्हणायची, मेल्या, परत ओलांड, नाहीतर माझी वाढ खुंटेल."

थोरल्यांनी हातातली टोपी डोक्यावर चढवली.

"तिथे मागे फिरता येणार नाही," सुतार म्हणाला. "म्हणून इथंच परत ओलांडून घेतलं."