बिनआवाजाचा कुलर

खाणीतलं दुपारचं ब्लास्टिंग झालं. फळीवरचे डबे एकमेकांवर आपटले, छपराच्या कवेलूंमधून माती झरली, अंगणातल्या कोंबड्या ओरडत पळाल्या. साडीच्या झोक्यात दिव्यानी झोपली होती. तिची पापणीसुद्धा हलली नाही.

"पाय वं माय, कोयशाच्या गावची लेक हाये," गिरजाबाई नातीकडे कौतुकानं पाहत म्हणाली. "मोठमोठे पावणे इथी बसल्या जागी उडतेत. हिले काईच नाई."

राजुऱ्यापलीकडच्या त्या गावात हे कौतुक साऱ्यांनीच करून झालं होतं. खाणीजवळ जन्मलेलं लेकरू धमाक्याला भीत नाही, असं तिथं सगळेच मानत. स्वातीही आधी हसायची. आता हसता हसता तिचा हात आपसूक लेकीच्या छातीवर जायचा.

गावची आशा सेविका खुशबू घरी आली होती, तेव्हा तिनं सहज विचारलं होतं, "हाक मारली तं पाहते का वं तुयाकडं?"

"कुलर चालू राह्यते न दिवसभर," स्वाती म्हणाली होती. "आयकू कसं येईन तिले?"

तेही खरंच होतं. होळीच्या आधी दिव्यानी या घरात आली आणि तेव्हापासून खिडकीतला लोखंडी कुलर थांबलाच नव्हता. तो पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. माणसं एकमेकांशी ओरडून बोलायची. बंद करावा तर लेकरू लालभडक व्हायचं, मानेवरच्या घामोळ्या चिडायच्या. वीज गेली की सारी गल्ली दारात जमून गलका करायची. दिव्यानीच्या वाट्याला शांत घर कधी आलंच नव्हतं.

"चंद्रपूरले कान दाखवून आणा," खुशबू जाताना म्हणाली. "जितकं लवकर समजन तितकं तिच्या भल्याचं. थांबू नको बाई."

स्वातीचा नवरा संघपाल मोटारी आणि पंखे दुरुस्त करायचा. त्याचा कान असा, की पंखा सुरू होताच कुठलं बेअरिंग गेलं ते तो पाठमोरा सांगायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"लेकराच्या कानात उगाच नळ्या कायले खुपसाच्या?" तो म्हणाला. "मी बिनआवाजाचा कुलर बनवतो. घर शांत झालं का आपणच हाक मारून पाहू. नाईच पाहिलं तिनं, तं मंग जाऊ."

तो कामाला लागला. दुसऱ्या खिडकीत लाकडी चौकट बसवली, तिच्यात वाळ्याची ताटी. मागे जुन्या कंप्युटरमधले दोन पंखे, मोटरसायकलच्या बॅटरीवर चालणारे. पंप आवाज करतो म्हणून पंपच ठेवला नाही. वर माठ मांडला आणि सलाईनच्या नळीनं ताटीवर पाणी सोडलं.

"लोकायचे पंखे दुकानात पडून हायेत, अन् हा माठाले सलाईन लावून राह्यला," गिरजाबाई म्हणाली. "वाचन का रे तो?"

सगळे हसले. खोलीत ओल्या वाळ्याचा वास भरला. गार झुळूक झोक्यापर्यंत गेली आणि दिव्यानीनं पाय सैल सोडले. संघपालनं ताटीजवळ कान नेला.

"थेंब वाजते," तो म्हणाला आणि उठून त्यानं लोखंडी कुलर पुन्हा चालू केला.

मग त्यानं ताटीवरून सुताचे धागे सोडले. पाणी धाग्याधाग्यानं बिनआवाज उतरू लागलं. तेव्हा चौकट थरथरते म्हणाला. चौकटीखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे आले. तेव्हा पंख्याची पाती बोलत होती. दोन लहान पंखे काढून त्यानं त्याच बॅटरीवर एकच मोठा, सावकाश फिरणारा पंखा बसवला. स्वातीला आता काहीच ऐकू येत नव्हतं. तो मात्र दर वेळी कान लावायचा, मान हलवायचा, "आजून जरासा येते" म्हणायचा, आणि लोखंडी कुलर पुन्हा घरघरू लागायचा.

ती घरघर सुरू झाली की स्वातीला हायसं वाटायचं. त्या हायसं वाटण्याचीच तिला आता धास्ती बसली होती.

आज तारांच्या कामासाठी गावाची वीज बंद होती. गल्ली लग्नाला गेली होती, गिरजाबाईही गेली होती. उन्हात कुत्रंसुद्धा बाहेर नव्हतं. दिव्यानी नुकतीच जागी झाली होती आणि भिंतीकडे तोंड करून मूठ चोखत होती. खोलीत एवढी शांतता, की त्या चोखण्याचा आवाज दारापर्यंत येत होता.

स्वाती झोक्यामागे येऊन उभी राहिली. आपली सावली लेकीवर पडू नये, एवढी दूर. हाक तिच्या ओठांपर्यंत आली होती.

"मारू का?" तिनं विचारलं.

"थांब." संघपाल खिडकीशी गुडघ्यावर बसला होता. त्यानं चौकटीला कान टेकवला, डोळे मिटले. "आजून येते."

"काय येते?"

"घरघर. बारीक हाये, पण हाये. तुले नाई समजाची ते." त्यानं कान आणखी दाबून धरला. "दोन दिवस दे मले. आज नोको मारू."

स्वातीनं पंख्याकडे पाहिलं. पाती जागच्या जागी थिजलेली होती. मग तिनं त्याच्याकडे पाहिलं. ती हळूहळू त्याच्याजवळ जाऊन बसली. त्याच्या भिजलेल्या पाठीवर तिनं हात ठेवला, लेकीच्या छातीवर ठेवायची तसाच.

"अवो," ती म्हणाली, "बॅटरीची वायर तं तुमच्या हातातच हाये."